टाकीतलं पाणी कॉम्प्युटरवर कसं वाहतं?

मागच्या महिन्यात एका बचत गटाकडून आमच्याकडे प्रश्न आला. त्यांच्या गावाला प्रादेशिक योजनेचं पाणी येतं. पावसाळा लागला की नळाला चहाच्या रंगाचं पाणी. फिल्टर प्लांटवरची निवळणीची टाकी पुरत नाही, दुसरी बांधावी लागेल आणि पाणीपट्टी वाढेल, असं ग्रामसभेत सांगितलं गेलं. तेवढ्यात एक तरुण इंजिनिअर म्हणाला, "टाकी बांधण्याआधी आहे त्या टाकीतलं पाणी कसं फिरतं ते कॉम्प्युटरवर बघू या." सभेत हशा पिकला. पाणी टाकीत आहे, ते कॉम्प्युटरवर काय बघणार? बायकांनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. त्यांनी विचारलं, "हे खरं असतं का? आणि आमच्या पाणीपट्टीचा त्याच्याशी काय संबंध?"

असतं. आणि संबंध फार जवळचा आहे. पण कॉम्प्युटरपर्यंत पोचायला आधी टाकीपाशी थांबावं लागेल.

नदीचं किंवा धरणाचं पाणी प्लांटवर आलं की त्यात तुरटी घालतात. तुरटी आपल्याला नवी नाही. पूर्वी घरोघरी रांजणात तुरटीचा खडा फिरवायचे, कुठे निवळीची बी उगाळून मडक्याला आतून लावायचे. ती का लागते? गढूळ पाण्यातले मातीचे कण इतके बारीक असतात की ते आपल्या वजनाने खाली बसायला तयार नसतात. वाळूचा कण, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, एक मीटर खोल पाण्यातून दोन-अडीच मिनिटांत तळाला जातो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा गाळाचा कण घ्या, त्याला त्याच एका मीटरला जवळजवळ तीन तास लागतात. आणखी दहापट बारीक असा चिकणमातीचा कण घेतला तर दहा-बारा दिवस! कण दहापट लहान झाला की त्याचा वेग शंभरपट कमी होतो. हा हिशोब स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडला.

त्यातून या बारीक कणांवर सारख्याच जातीचा विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येत नाहीत. तुरटी तो भार मोडते. मग पाणी हळूहळू ढवळलं की कण एकमेकांना चिकटून कापसासारखे पुंजके होतात. हे पुंजके जिथे खाली बसतात ती निवळणीची टाकी. प्लांटवर तिला क्लॅरिफायर म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती गोल असते. पाणी मधून येतं, कडेकडे जातं, काठाच्या पन्हळीतून निवळ पाणी पुढे वाळूच्या फिल्टरला जातं. तळाचा साका एक फिरता हात मधल्या खड्ड्यात ओढून आणतो आणि तिथून तो बाहेर सोडतात.

ही टाकी नीट चालली नाही तर पुंजके फिल्टरवर जाऊन पडतात. फिल्टर दिवसातून दोन-दोनदा तुंबतो, तो धुण्यात पाणी आणि वीज जाते, तरीही गढूळपणा पुढे सरकतोच. गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, जंतू मातीच्या कणाआड सुरक्षित राहतात. पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एन.टी.यू.पर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५ चालेल, असं भारतीय मानक सांगतं. पाणी चहासारखं दिसतंय म्हणजे आपण या आकड्यांच्या कितीतरी पुढे गेलो. मग घरात जुलाब, आणि ज्यांना परवडतं त्यांच्या दारात विकतचे जार.

आता टाकी किती मोठी हवी? आपल्याला वाटेल, खोल हवी. पाणी जास्त वेळ राहील, जास्त निवळेल. गंमत अशी की तसं नसतं. १९०४ साली अॅलन हेझन या अमेरिकन इंजिनिअरने दाखवून दिलं की सतत वाहत्या टाकीत खोलीपेक्षा पसारा महत्त्वाचा. एक उंच हंडा घ्या आणि तेवढंच पाणी मावणारी पसरट परात घ्या. हंड्यात पाणी जेवढा वेळ राहील तेवढाच वेळ परातीतही राहील, पण परातीत कणाला चार बोटंच खाली जायचंय, हंड्यात हातभर. म्हणून टाकीचा हिशोब असा करतात: रोजचं पाणी भागिले टाकीच्या तोंडाचं क्षेत्रफळ.

आठ मीटर व्यासाची, तीन मीटर खोल टाकी घ्या. तिचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर होतं. तिच्यातून दिवसाला साडेसतरा लाख लिटर पाणी जाणार, म्हणजे माणशी ५५ लिटरप्रमाणे साधारण तीस हजार वस्तीचं. भागाकार केला तर ३५ मीटर रोज, म्हणजे मिनिटाला अडीच सेंटिमीटरला जरा कमी. अर्थ असा की जो पुंजका मिनिटाला अडीच सेंटिमीटर खाली जातो तो टाकीत राहील, त्याहून सावकाश जाणाऱ्यांपैकी बरेच पन्हळीतून निसटतील. तुरटीच्या पुंजक्यांसाठी ३० ते ४० मीटर रोज हे आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शक पुस्तकातलं प्रमाण आहे, तेव्हा कागदावर ही टाकी ठीक आहे. पाणी तिच्यात दोन तास राहतं, तेही ठीक.

परातीच्या याच हिशोबावर महाराष्ट्रात चांगलं काम झालेलं आहे. रामटेक, वरणगाव आणि चांदोरी इथे फार वर्षांपूर्वी लहान गावांना परवडतील असे साधे प्लांट उभे राहिले. त्यांत टाकीमध्ये तिरक्या नळ्यांचे जुडगे बसवले. प्रत्येक तिरकी नळी म्हणजे एक उथळ परातच. एकाच टाकीत शेकडो पराती एकावर एक रचल्या म्हणा ना. फिल्टरमध्ये वाळूवर महागड्या दगडी कोळशाऐवजी नारळाच्या करवंट्यांचा चुरा वापरला. आम्हाला ही कथा फार आवडते, पण आज विषय वेगळा आहे.

कागदावरच्या या हिशोबात एक गृहीत धरलेलं असतं: पाणी टाकीभर सारखं पसरतं आणि शिस्तीत पुढे सरकतं. तुमच्यापैकी जिने शेतात दारं धरली आहेत तिला विचारा, पाणी कधी सारखं पसरतं का? ते जवळची वाट धरतं. एक सरी तुडुंब, शेजारची कोरडी. टाकीतही तेच. मधल्या नळातून आलेलं पाणी जोरात एका बाजूला जातं, थेट पन्हळ गाठतं, आणि टाकीचा उरलेला भाग नुसता साचून राहतो. दोन तास राहायचं पाणी पंधरा मिनिटांत बाहेर. टाकी आठ मीटरची बांधली, पैसे आठ मीटरचे दिले, काम चार मीटरचं होतंय.

दुसरी खोड याहून लपलेली आहे. पुंजके भरलेलं पाणी टाकीतल्या निवळ पाण्यापेक्षा किंचित जड असतं. फरक अगदी थोडा, हाताला कळणार नाही एवढा, पण पाण्याला कळतो. ते आत आल्याबरोबर धबधब्यासारखं तळाला जातं, तळावरून झपाट्याने कडेपर्यंत पळतं, भिंतीला आपटून वर चढतं आणि पुंजक्यांसकट पन्हळीत. त्या वेळी वरचं पाणी मात्र उलटं, काठाकडून मध्याकडे सरकत असतं. १९४५ साली शिकागोच्या सांडपाण्याच्या टाक्यांमध्ये अँडरसन नावाच्या इंजिनिअरने या तळातल्या प्रवाहाबद्दल लिहिलं. १९७७ मध्ये स्वीडनच्या लुंड इथे लार्सन या संशोधकाने चालू टाक्यांत उपकरणं सोडून वेग मोजले, तेव्हाही तोच धबधबा आणि वरचा उलटा प्रवाह सापडला. काठावर उभ्या राहणाऱ्याला वरचं शांत पाणी दिसतं, तळात काय चाललंय ते नाही.

एक मात्र तुम्ही स्वतः करू शकता. वारा पडलेला असताना, ऑपरेटरदादांना सांगून, काठावरून टाकीच्या पाण्यावर चार सुकी पानं टाका आणि बघत राहा. पानं पन्हळीकडे न येता मध्याकडे सरकायला लागली तर तळात तो प्रवाह असण्याची शक्यता बरीच आहे. पानं नंतर जाळीने काढून घ्यायची, हे सांगायला नको.

इंजिनिअर याची पक्की परीक्षा मिठाने करतात. टाकीत येणाऱ्या पाण्यात मिठाचं पातळ पाणी एकदम सोडायचं आणि पन्हळीपाशी दर काही मिनिटांनी पाण्याचा खारेपणा मीटरने मोजायचा. मीठ किती वेळाने पोचलं, किती पोचलं, किती आतच रेंगाळलं, यावरून टाकी किती कामात आहे ते कळतं. पाणी चोरवाटेने जातंय एवढं मीठ सांगतं. ती चोरवाट टाकीत कुठून जाते आणि कुठे भिंत घातली तर बंद होईल, हे सांगत नाही. इथे कॉम्प्युटर लागतो.

कॉम्प्युटरमध्ये टाकीचं चित्र काढून भागत नाही. टाकीच्या मापाप्रमाणे तिचे लहान लहान घनाकार तुकडे पाडतात. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके मांडून घेतो, तशी ही मांडणी. जिथे पाणी शांत तिथे ठिपके विरळ, जिथे नळातून जोरात येतं किंवा भिंतीला आपटतं तिथे दाट. टाकीचा एकच उभा काप घेतला तर काही हजार कप्पे होतात, सगळी टाकी घेतली तर लाखो.

मग प्रत्येक कप्प्याची वही उघडतात, अगदी आपल्या गटाच्या वहीसारखी. पहिला रकाना पाण्याचा. शेजारच्या कप्प्यांतून जेवढं पाणी आत आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे, कारण पाणी दाबून लहान होत नाही. दुसरा रकाना जोराचा: आलेल्या पाण्याने किती ढकललं, शेजारच्याने किती अडवलं, जडपणाने किती खाली ओढलं. तिसरा पुंजक्यांचा: किती आले, किती वाहून गेले, किती खालच्या कप्प्यात बसले. एका कप्प्याचा खर्च ही शेजारच्या कप्प्याची जमा असते. त्यामुळे एका वहीत बदल केला की शेजारच्या सहा वह्या बिघडतात. त्या दुरुस्त कराव्यात तर त्यांच्या शेजारच्या बिघडतात. कॉम्प्युटर हेच करत बसतो, हजारो वेळा, सगळ्या वह्या एकमेकींशी जुळेपर्यंत. जुळल्या की प्रत्येक कप्प्यात पाणी कुठल्या दिशेने आणि किती वेगाने जातंय त्याचा नकाशा मिळतो.

हे नियम कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचे आहेत. फ्रान्सचे इंजिनिअर नाव्हिए आणि मघाशी ज्यांचं नाव घेतलं ते स्टोक्स, या दोघांनी ते एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवले. नियम होते, आकडेमोड करायला माणसं पुरत नव्हती. पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवणारे लुईस रिचर्डसन यांनी हवेच्या बाबतीत हाच प्रयत्न हाताने केला. आकाशाचे कप्पे पाडले आणि एका दिवसाचं हवामान काढून बघितलं. उत्तर साफ चुकलं, कारण सुरुवातीची मापंच एकमेकांशी जुळणारी नव्हती. १९२२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी कल्पना मांडली की ६४,००० माणसं एका मोठ्या सभागृहात बसून अशी गणितं करतील. त्या काळी 'कॉम्प्युटर' म्हणजे गणित करणारा माणूसच, आणि त्या कामावर बायका पुष्कळ असत. निवळणीच्या टाक्यांची अशी गणितं १९७० नंतर यंत्रावर व्हायला लागली. कॅनडातल्या विंडसर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलेलं काम त्यात नेहमी सांगितलं जातं. आज त्यासाठी फुकट मिळणारी प्रोग्रॅमही आहेत. ओपनफोम हा त्यातला एक, २००४ पासून कुणालाही खुला आहे. एका कापाचं गणित साधा लॅपटॉपही करतो. म्हणजे जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलामुलींना हा प्रकल्प म्हणून देता येतो, परदेशी कंपनी आणायची गरज नाही.

याचा फायदा काय? भिंत बांधून बघायची, नाही जमलं तर फोडायची, हे सिमेंटमध्ये परवडत नाही. कॉम्प्युटरवर भिंत अर्धा मीटर पुढे, मागे, वर, खाली करून बघता येते. बऱ्याच वेळा निष्कर्ष अगदी साधे निघतात. मधल्या नळाभोवती आडोसा घालून येणाऱ्या पाण्याचा जोर आधीच मोडायचा. किंवा पन्हळीच्या खाली भिंतीला तिरकी पट्टी लावायची, म्हणजे भिंतीवरून वर चढणारा प्रवाह मध्याकडे वळतो. या पट्टीला अमेरिकेतल्या स्टॅमफर्ड शहराच्या नावावरून स्टॅमफर्ड बॅफल म्हणतात. पत्र्याची किंवा फायबरची पट्टी आणि अख्खी नवी टाकी, खर्चाची तुलना तुम्हीच करा. कधी गणित असंही सांगतं की आडोशाने काही होणार नाही, टाकी खरंच लहान आहे. तेही कळलेलं बरं.

पण पडद्यावरचं लाल-निळं चित्र बघून दबून जाऊ नका. माप चुकलं तर चोळी अंगाला बसत नाही, मग शिलाई कितीही सुबक असो. पुंजके किती वेगाने बसतात ते कॉम्प्युटरला माहीत नसतं. ते तुमच्याच पाण्याचे नमुने काचेच्या उंच नळकांड्यात ठेवून, घड्याळ लावून मोजावं लागतं, आणि तेही पावसाळ्यात. मार्च महिन्याच्या निवळ पाण्यावर केलेलं गणित जुलैच्या गढूळ पाण्याला लागू पडत नाही. पाण्यातले लहान-लहान भोवरेही गणितात जसेच्या तसे धरता येत नाहीत, अंदाजाने धरतात. म्हणून मिठाची परीक्षा आणि कॉम्प्युटरचं उत्तर शेजारी शेजारी ठेवून बघायचं. दोन्ही जुळलं तरच पुढची भिंत हलवायची. "मीठ टाकून तपासलंत का?" एवढं विचारलंत तरी समोरच्याला कळेल की तुम्हाला विषय माहीत आहे.

आणि आमचं मत विचाराल तर कॉम्प्युटरच्याही आधी एक गोष्ट तपासा: पंप किती तास चालतो. वर ज्या टाकीचा हिशोब केला तो २४ तासांचा होता. विजेमुळे म्हणा किंवा माणूस रात्री नसतो म्हणून म्हणा, तेवढंच साडेसतरा लाख लिटर पाणी बारा तासांत ढकललं तर टाकीतला वेग दुप्पट होतो. पुंजक्याला आता मिनिटाला पाच सेंटिमीटर पडायला हवं, आणि ते त्याच्याने होत नाही. शिवाय पंप चालू होताना बसणारा हिसका तळाचा साका उठवतो तो वेगळाच. म्हणजे टाकी लहान नाही, वेळ लहान आहे. अशा ठिकाणी लहान पंप जास्त तास चालवणं हे नव्या टाकीपेक्षा स्वस्त पडू शकतं. लॉगबुकात पंपाचे तास लिहिलेले असतात, ते बघायला मागा.

गावाच्या पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असाव्यात असं जलजीवन मिशनच्या नियमात आहे, आणि गावागावात पाच बायकांना पाणी तपासणीच्या किटचं शिक्षण द्यायचं असंही ठरलेलं आहे. तुमच्या गटातली कुणी त्या पाचांत असेल तर तिला घेऊन एकदा प्लांटवर जा. पन्हळीच्या काठाला इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा असतात. टाकीला एक फेरी मारा. सगळ्या खाचांतून पाण्याची धार सारखी पडते का बघा. एका बाजूच्या खाचा भरभरून वाहतायत आणि दुसऱ्या बाजूच्या कोरड्या आहेत, तर पट्टी एका बाजूला कलली आहे आणि सगळं पाणी तिकडेच ओढलं जातंय. ती पट्टी बोल्टवर असते, पाण्याच्या पातळीला लावून समतल करता येते. पाना आणि अर्धा दिवस, एवढाच खर्च. तळाचा साका दिवसातून किती वेळा सोडतात तेही विचारा. साका साचत गेला तर टाकी आतून उथळ होते आणि तळातला प्रवाह त्याला उकरत राहतो. तुरटीचा डोस कसा ठरवतात, सहा भांड्यांत वेगवेगळी तुरटी घालून बघतात की वर्षभर एकच पोतं ओततात, हाही प्रश्न त्याच दिवशी विचारून घ्या.

एवढं सगळं नीट असूनही पुंजके पन्हळीत येत असतील, तर त्या तरुण इंजिनिअरचं म्हणणं ग्रामसभेत जरूर उचलून धरा. ठरावात मात्र तीन गोष्टी लिहून घ्या: पावसाळ्यातल्या पाण्याचे नमुने घेतले जातील, मिठाची परीक्षा होईल, आणि दुसऱ्या टाकीचं अंदाजपत्रक या दोन्हींचा अहवाल आल्यावरच मंजुरीला येईल.

पुढच्या भागात वाळूच्या फिल्टरकडे जाऊ. तो धुताना किती पाणी वाया जातं आणि ते परत वापरता येतं का, याबद्दल काही गटांनी विचारलं आहे. तुमच्या प्लांटवरची फेरी झाली तर पोस्टकार्डावर किंवा फोनवर आम्हाला कळवा: खाचा किती, वाहत्या किती, कोरड्या किती.